सीएसएसची सुरुवात: वेबपानावर कोणता नियम का लागू होतो

एचटीएमएल या पानाचा आशय मांडण्याच्या भाषेत लिहिलेले पहिले पान ब्राउझरमध्ये उघडल्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे, निळे अधोरेखित दुवे आणि पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलेल्या ओळी दिसतात. पानाला अजून काहीच रूप दिलेले नाही असे यावरून वाटते. पण हे रूपही कोणीतरी ठरवलेलेच असते. प्रत्येक ब्राउझरजवळ स्वतःची अंगभूत स्टाइलशीट, म्हणजे रूपाच्या नियमांची यादी, असते आणि मथळा मोठा व ठळक का दिसतो, दोन परिच्छेदांमध्ये मोकळी जागा का पडते, मजकुराभोवती साधारणपणे ८ पिक्सेलची पट्टी रिकामी का राहते, या सगळ्यांची उत्तरे तिच्यात सापडतात. आपण सीएसएस (कॅस्केडिंग स्टाइल शीट्स) ही पानाला रूप देणारी भाषा लिहितो तेव्हा आधीपासून लागू असलेल्या या नियमांवर आपले नियम घालत असतो.

नवशिके बहुधा गुणधर्मांच्या (रंग, रुंदी, अक्षराचा आकार अशा ठरवता येणाऱ्या गोष्टींच्या) याद्या पाठ करण्यापासून सुरुवात करतात. या याद्या लांबलचक आहेत, दरवर्षी वाढतात आणि हव्या तेव्हा संदर्भासाठी उघडून पाहता येतात. त्यामुळे त्या पाठ करण्यात वेळ घालवू नये असे माझे मत आहे. लिहिलेला नियम लागू का झाला नाही, हे शोधता येणे खरे महत्त्वाचे. ज्याला ते जमते त्याला सीएसएस येते, मग त्याला गुणधर्म वीसच माहीत असोत. पुढील मांडणी त्याच हेतूने केली आहे.

एक खुलासा आधीच करणे आवश्यक आहे. या लेखात कोडमधील शब्द आणि अंक देवनागरीत दिले आहेत. फाइलमध्ये मात्र टॅग (एचटीएमएलमध्ये पानाचा प्रत्येक भाग दाखवणाऱ्या खुणा), गुणधर्म आणि मूल्ये इंग्रजी वर्णलेखनानुसार रोमन लिपीत, शक्यतो लहान अक्षरांत, टंकावी लागतात आणि अंकही इंग्रजीच वापरावे लागतात. कंस व विरामचिन्हे येथे दिसतात तशीच ठेवावीत. रंगासाठीचा ‘कलर’ हा शब्द अमेरिकी पद्धतीने, म्हणजे ‘यू’ हे अक्षर न घालता लिहायचा असतो. ब्रिटिश वर्णलेखनाची सवय असलेल्यांची पहिली चूक पुष्कळदा येथेच होते.

थोडी पार्श्वभूमी

सीएसएसचा मूळ प्रस्ताव हाकोन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी, सर्न या संशोधन संस्थेत काम करत असताना मांडला. पुढे बर्ट बोस त्यांच्यासोबत आले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने सीएसएसची पहिली पातळी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. त्या काळी रंग आणि अक्षराचा आकार एचटीएमएलमध्येच फॉन्ट टॅगने लिहिण्याची आणि स्तंभ पाडण्यासाठी टेबल वापरण्याची पद्धत पडत चालली होती. परिणामी शंभर पानांच्या संकेतस्थळावर एक रंग बदलायचा तर शंभर फाइली उघडाव्या लागत. आशय एका फाइलीत आणि रूप दुसऱ्या फाइलीत ठेवणे हा यावरचा उपाय होता. ली यांच्या प्रस्तावात आणखी एक विचार होता: पानाच्या रूपावर लेखकाचा हक्क असतो तसा वाचकाच्या पसंतीलाही मान असावा, आणि दोघांचे म्हणणे एकत्र कसे करायचे याचे नियम ठरलेले असावेत. कॅस्केड म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा यातूनच उभी राहिली. तिच्याकडे आपण लवकरच येऊ.

दोन फाइली आणि पहिला नियम

एका फोल्डरमध्ये इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल आणि स्टाइल नावाची सीएसएस फाइल तयार करावी. त्यासाठी साधा टेक्स्ट एडिटर वापरावा. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे घालतो आणि ती ब्राउझरला कळत नाहीत. दोन्ही फाइली यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवाव्यात. एचटीएमएल फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी घोषणा, असल्याची खात्री करावी, कारण ते नसेल तर ब्राउझर जुन्या पानांसाठी राखलेल्या सवलतीच्या पद्धतीने वागू लागतो आणि त्या वागणुकीवरून काही शिकणे म्हणजे पुढे ते विसरावे लागणे. दोन्ही फाइली जोडण्यासाठी एचटीएमएलच्या हेड विभागात, म्हणजे पानाबद्दलची माहिती ठेवण्याच्या न दिसणाऱ्या भागात, एक लिंक टॅग लिहावा लागतो. त्यात ‘रेल’ या अॅट्रिब्यूटला (टॅगच्या आत लिहिलेल्या जादा माहितीला) ‘स्टाइलशीट’ हे मूल्य द्यावे आणि ‘एचरेफ’मध्ये सीएसएस फाइलचे नाव लिहावे. नियम एचटीएमएलमध्येच स्टाइल टॅगच्या आत किंवा एखाद्या टॅगच्या स्टाइल अॅट्रिब्यूटमध्येही लिहिता येतात, परंतु संकेतस्थळाची सगळी पाने एकाच ठिकाणाहून बदलण्याची सोय केवळ स्वतंत्र फाइलमुळे मिळते.

आता सीएसएस फाइलमध्ये पहिला नियम असा लिहावा:

पी {
  कलर: #३३३३३३;
  लाइन-हाइट: १.७;
}

महिरपी कंसाच्या आधी येतो तो सिलेक्टर. नियम पानावरील कोणत्या घटकांसाठी आहे हे तो सांगतो. येथे तो पानावरील प्रत्येक परिच्छेद निवडतो. कंसाच्या आत गुणधर्म, अपूर्णविराम, मूल्य आणि अर्धविराम या क्रमाने एकेक विधान येते. अर्धविराम गाळला, तर ब्राउझर पुढची ओळ आधीच्याच मूल्याचा भाग समजतो आणि दोन्ही विधाने वाया जातात. म्हणून एखादी ओळ निकामी दिसली की आधी तिच्या वरच्या ओळीचा शेवट तपासावा.

सीएसएसमध्ये चूक झाली तरी पडद्यावर त्रुटीचा संदेश येत नाही. ब्राउझरला न कळलेले विधान तो गुपचूप गाळतो आणि पुढे जातो. हे मुद्दामच असे ठेवलेले आहे: नवा गुणधर्म वापरलेले पान जुन्या ब्राउझरमध्ये उघडले, तर तेवढा गुणधर्म लागू होऊ नये, पण पान मोडू नये. शिकणाऱ्याला मात्र हे मौन जड जाते. रुंदीसाठी नुसते ‘३००’ लिहिले, एकक लिहायचे राहिले, तर ते विधान बाद होते आणि कोणी काही सांगत नाही. शून्याला एकक लागत नाही. लाइन-हाइटसारख्या काही गुणधर्मांत एककाविनाचा अंक चालतोच, इतकेच नव्हे तर तोच अधिक चांगला ठरतो, कारण प्रत्येक घटक त्या अंकाने स्वतःच्या अक्षराचा आकार गुणून ओळींमधले अंतर ठरवतो.

निवड करण्याच्या रीती

टॅगच्या नावाने केलेली निवड सर्वांत ढोबळ असते. त्याहून नेमकी निवड क्लासने होते: एचटीएमएलमध्ये घटकाला क्लास अॅट्रिब्यूट द्यावे आणि सीएसएसमध्ये त्याच नावाच्या आधी टिंब लावावे. आयडीसाठी, म्हणजे एकाच घटकाला दिलेल्या खास नावासाठी, टिंबाऐवजी # हे चिन्ह असते. एका पानावर एक आयडी एकदाच वापरता येतो. क्लासची नावे दिसण्यावरून न ठेवता कामावरून ठेवावीत. ‘लाल-चौकट’ असे नाव दिले आणि उद्या चौकट निळी करायची ठरली, तर नाव खोटे पडते. ‘सूचना’ हे नाव कोणत्याही रंगात खरे राहते. क्लासचे नाव देवनागरीत लिहिले तरी ते सीएसएसच्या नियमांत बसते आणि चालतेही. तरीसुद्धा अनेकांनी मिळून करायच्या कामात रोमन अक्षरांतील नावेच सोयीची पडतात.

सिलेक्टर एकत्र जोडताना मधल्या जागेकडे बारकाईने पाहावे. ‘पी.सूचना’ असे सलग लिहिले, तर ज्याला सूचना हा क्लास आहे असा परिच्छेद निवडला जातो. ‘पी .सूचना’ असे मध्ये जागा सोडून लिहिले, तर परिच्छेदाच्या आत कोठेतरी असलेला, सूचना हा क्लास असलेला घटक निवडला जातो. स्वल्पविरामाने जोडलेले सिलेक्टर मात्र एकमेकांपासून स्वतंत्र असतात. तोच नियम त्या प्रत्येकाला लागू होतो. एका रिकाम्या जागेने अर्थ इतका बदलतो, हे नवख्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही.

यांशिवाय घटकाच्या स्थितीवरून निवड करणारे सिलेक्टर असतात; माउस वर असताना ‘:होव्हर’, कीबोर्डने त्या घटकापाशी आल्यावर ‘:फोकस’, आधी पाहिलेल्या दुव्यासाठी ‘:व्हिजिटेड’. सुरुवातीला एवढी ओळख पुरते.

दोन नियम भिडतात तेव्हा

एकाच परिच्छेदाला एक नियम काळा आणि दुसरा निळा रंग सांगत असेल, तर कोणाचे ऐकायचे? याचे उत्तर कॅस्केड ठरावीक क्रमाने देते. ब्राउझर सर्वांत आधी नियम कोठून आला हे पाहतो. ब्राउझरच्या अंगभूत नियमांपेक्षा वाचकाने स्वतः ठरवलेले नियम वरचढ असतात आणि त्यांच्यापेक्षा लेखकाचे नियम वरचढ असतात. दोन्ही नियम लेखकाचेच असतील, तर सिलेक्टरचे वजन पाहिले जाते. वजनही सारखेच निघाले, तर फाइलमध्ये नंतर आलेला नियम जिंकतो.

वजन मोजण्याची रीत सोपी आहे, पण ती नेमकेपणाने समजून घ्यावी. सिलेक्टरमध्ये आयडी किती, क्लास किती आणि टॅगची नावे किती, अशा तीन संख्या त्याच क्रमाने मांडाव्यात. ‘:होव्हर’सारख्या स्थितिदर्शक सिलेक्टरांची आणि अॅट्रिब्यूटवरून केलेल्या निवडीची गणती क्लासबरोबर होते. ‘पी’चे वजन ०-०-१, ‘.सूचना’चे ०-१-०, ‘आर्टिकल पी.सूचना’चे ०-१-२ आणि ‘#मुख्य पी’चे १-०-१ येते. तुलना डावीकडून करावी. पहिल्या संख्येवर निकाल लागला, तर पुढच्या संख्या पाहिल्याच जात नाहीत. म्हणूनच टॅगची कितीही नावे एकापुढे एक लिहिली, तरी ती सगळी मिळून एका क्लासला हरवू शकत नाहीत, आणि क्लास कितीही असले तरी ते एका आयडीला हरवू शकत नाहीत. या संख्यांना दशमान पद्धतीतील स्थाने समजून बेरीज करण्याचा मोह होतो; तो टाळावा.

पुढील दोन नियम पाहा:

आर्टिकल पी {
  कलर: #३३३३३३;
}

.सूचना {
  कलर: #३३६६९९;
}

सूचना हा क्लास असलेला परिच्छेद आर्टिकलच्या आत आहे. पहिल्या नियमाचे वजन ०-०-२ आणि दुसऱ्याचे ०-१-०, म्हणून परिच्छेद निळा होतो, आणि दोन्ही नियमांची अदलाबदल केली तरी तो निळाच राहतो. क्रम तेव्हाच कामी येतो, जेव्हा वजने तंतोतंत सारखी असतात. टॅगच्या स्टाइल अॅट्रिब्यूटमध्ये लिहिलेले विधान या सर्व सिलेक्टरांवर मात करते. मूल्याच्या नंतर ‘!इम्पॉर्टंट’ लिहिले, तर ते त्याहूनही वर जाते. नियम लागू होत नाही म्हणून हताशपणे ‘!इम्पॉर्टंट’ लिहिण्याची सवय लागली, की काही आठवड्यांतच फाइलमधल्या निम्म्या ओळी एकमेकींशी भांडू लागतात, म्हणून नवशिक्याने ते वापरूच नये. वजन कमी ठेवणे, म्हणजे बहुतेक सर्व नियम एकेका क्लासवरच लिहिणे आणि आयडीवर नियम न लिहिणे, हीच शिस्त पुढे उपयोगी पडते.

‘!इम्पॉर्टंट’ लावल्यावर हक्कांचा क्रम उलटतो, हेही जाता जाता सांगायला हवे: तेव्हा वाचकाचा नियम लेखकाच्या नियमावर मात करतो. दृष्टी अधू असलेल्या वाचकाला मोठी अक्षरे सक्तीने हवी असतील, तर शेवटचा शब्द त्याचा राहावा यासाठी ही तरतूद आहे.

वारसा हा यापुढचा मुद्दा आणि गोंधळाचे दुसरे मोठे कारण. अक्षराचा रंग, फॉन्ट, अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर असे मजकुराशी संबंधित गुणधर्म बाहेरच्या घटकाकडून आतल्या घटकाकडे आपोआप उतरतात. मार्जिन (बाहेरची मोकळी जागा), पॅडिंग (आतली मोकळी जागा), बॉर्डर (कडेची रेषा), पार्श्वभूमी आणि रुंदी उतरत नाहीत. त्यामुळे बॉडीला, म्हणजे पानाचा सगळा दिसणारा आशय ज्यात असतो त्या घटकाला, एकदा फॉन्ट दिला की बहुतेक पानाला तो मिळतो. परंतु वारशाने आलेल्या मूल्याला वजन मुळीच नसते. घटकावर थेट लागू होणारा कोणताही नियम, तो कितीही हलका असो, वारशावर मात करतो. परिच्छेदाला करडा रंग दिला तरी त्यातला दुवा निळाच का राहतो, याचे कारण हेच आहे. दुव्याला ब्राउझरच्या अंगभूत स्टाइलशीटने थेट निळा रंग दिलेला असतो, आणि परिच्छेदाचा रंग त्याच्यापर्यंत केवळ वारशाने पोहोचतो. दुव्याचा रंग बदलायचा असेल, तर दुव्यासाठीच नियम लिहावा लागतो. सर्व घटक निवडणाऱ्या * या सिलेक्टरचे वजन शून्य असूनही त्याच्यामुळे वारसा तुटतो, त्याचेही कारण हेच.

ब्राउझरलाच विचारणे

वरील सर्व मोजणी हाताने करत बसण्याची गरज नसते. पानावरील घटकावर माउसचे उजवे बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडले की ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्स उघडतात. तेथील स्टाइल्सच्या रकान्यात त्या घटकाला लागू होऊ शकणारे सर्व नियम वजनाच्या क्रमाने, सर्वांत बलवान वर अशा रीतीने दिसतात, आणि हरलेली विधाने खोडलेली असतात. न कळलेल्या विधानापुढे सूचनेचे चिन्ह दिसते. सीएसएसच्या मौनावर उपलब्ध असलेला हा सर्वांत सोपा उपाय आहे. ‘कॉम्प्युटेड’ या रकान्यात सर्व भांडणे मिटल्यानंतरचे अंतिम मूल्य मिळते. येथेच मूल्ये बदलून परिणाम लगेच पाहता येतो, मात्र हे बदल फाइलमध्ये साठवले जात नाहीत.

लिहिलेला नियम त्या रकान्यात मुळी दिसतच नसेल, तर बहुधा तीनपैकी एक कारण असते: सिलेक्टर त्या घटकाला निवडत नाही, सीएसएसची फाइल जोडली गेलेली नाही, किंवा ब्राउझर जुनी साठवलेली प्रत दाखवत आहे. तिसऱ्या शक्यतेसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबून पान नव्याने मागवावे. नियम दिसतो पण खोडलेला असेल, तर वजनाचा किंवा क्रमाचा प्रश्न आहे असे समजावे.

प्रत्येक घटक ही एक चौकट

ब्राउझरच्या दृष्टीने पानावरील प्रत्येक घटक आयताकृती चौकट असतो. मध्यभागी आशय, त्याभोवती पॅडिंग, त्याभोवती बॉर्डर आणि सर्वांत बाहेर मार्जिन. पार्श्वभूमीचा रंग बॉर्डरपर्यंत पसरतो; मार्जिन मात्र नेहमी पारदर्शक असते. मूळ नियमानुसार रुंदी म्हणून दिलेली संख्या केवळ आशयाची असते. रुंदी ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग आणि ५ पिक्सेल बॉर्डर दिली, तर प्रत्यक्षात चौकट ३५० पिक्सेल जागा व्यापते. ही मोजणी फार थोड्यांना सोयीची वाटते, म्हणून बहुतेक सर्वजण फाइलच्या आरंभी पुढील नियम लिहितात, आणि मग दिलेल्या रुंदीत पॅडिंग व बॉर्डर धरली जाते (‘::बिफोर’ व ‘::आफ्टर’ म्हणजे घटकाच्या आरंभी व शेवटी सीएसएसने घातलेला आशय):

*, *::बिफोर, *::आफ्टर {
  बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स;
}

उभ्या दिशेतील मार्जिन एकमेकांत मिसळते, हेही माहीत असावे. वरच्या परिच्छेदाखाली २४ पिक्सेल आणि खालच्या परिच्छेदावर १६ पिक्सेल मार्जिन असेल, तर मधले अंतर ४० न होता २४ पिक्सेल होते, कारण दोहोंतील मोठे मूल्य तेवढे उरते. बाहेरच्या चौकटीला पॅडिंग किंवा बॉर्डर नसेल, तर आतल्या पहिल्या घटकाचे वरचे मार्जिनही असेच बाहेर निसटते आणि संपूर्ण चौकट खाली सरकल्यासारखी दिसते. मिसळण्याचा हा प्रकार फ्लेक्स आणि ग्रिड या पुढे येणाऱ्या मांडणीच्या पद्धतींच्या आतील घटकांत होत नाही. ओळीच्या आत बसणाऱ्या घटकांची, उदाहरणार्थ स्पॅनची (ओळीतला काही मजकूर वेगळा काढणाऱ्या टॅगची) किंवा दुव्याची, गोष्ट वेगळी आहे. त्यांना रुंदी, उंची आणि वरखालचे मार्जिन दिले तरी परिणाम होत नाही.

एकके, अक्षरे आणि रंग

अक्षराचा आकार पिक्सेलमध्ये देणे सोपे वाटते, परंतु त्यामुळे वाचकाने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये निवडलेला आकार निष्फळ होतो. बहुतेक ब्राउझरांत मूळ आकार १६ पिक्सेल असतो आणि १ रेम म्हणजे पानाच्या मूळ घटकाचा (एचटीएमएल टॅगचा) अक्षर-आकार. वाचकाने तो २० पिक्सेल केला, तर रेममध्ये लिहिलेले सर्व काही त्याच प्रमाणात वाढते. ‘एम’ हे एकक मात्र जवळच्या घटकावर अवलंबून असते. यादीतल्या मजकुराला १.२ एम आकार दिला, तर पहिल्या यादीत तो १९.२ पिक्सेल, तिच्या आतल्या यादीत २३.०४ पिक्सेल आणि त्याच्याही आत आणखी मोठा होत जातो. माझ्या मते अक्षरांसाठी रेम, बटणाच्या आतील पॅडिंगसारख्या अक्षराबरोबर वाढणाऱ्या अंतरासाठी एम आणि बॉर्डरच्या बारीक रेषेसाठी पिक्सेल अशी वाटणी सुरुवातीला पुरेशी आहे. ओळ फार लांब झाली की डोळा पुढच्या ओळीचा आरंभ चुकतो. म्हणून मजकुराच्या चौकटीला ‘मॅक्स-विड्थ’ हा गुणधर्म ३८ रेमच्या आसपास द्यावा.

देवनागरी मजकुराला रूप देताना रोमन लिपीसाठी लिहिलेले सल्ले जसेच्या तसे उचलू नयेत. वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार यांना जागा लागते, त्यामुळे ओळींमधले अंतर १.६ ते १.८ इतके ठेवावे. ‘लेटर-स्पेसिंग’ वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो, म्हणून तो गुणधर्म मराठी मजकुराला लावूच नये. सर्व अक्षरे मोठ्या लिपीत बदलणाऱ्या गुणधर्माचा देवनागरीवर परिणाम होत नाही. बहुतांश देवनागरी फॉन्टांत तिरप्या अक्षरांचा खास साचा नसतो, तेव्हा ब्राउझर सरळ अक्षरांनाच यांत्रिकपणे तिरके करतो आणि ते क्वचितच शोभते. भर द्यायचा असेल तर ठळक अक्षरे बरी. ‘फॉन्ट-फॅमिली’मध्ये नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता असा देवनागरी फॉन्ट आधी आणि सर्वांत शेवटी ‘सॅन्स-सेरिफ’ हे सर्वसाधारण नाव लिहावे. नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत ठेवावे. एचटीएमएल टॅगला ‘लँग’ अॅट्रिब्यूटमध्ये मराठीसाठीची ‘एमआर’ ही खूण द्यायला विसरू नये, कारण ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे वेगळी ठेवलेली असतात, तेथे ब्राउझर ती निवडण्यासाठी याच खुणेचा आधार घेतो.

रंग # या चिन्हापुढील सहा अंकाक्षरांनी लिहितात. पहिली दोन लाल, नंतरची दोन हिरव्या आणि शेवटची दोन निळ्या रंगाचे प्रमाण सांगतात आणि एकूण १,६७,७७,२१६ रंग लिहिता येतात. त्यांतले नेमके कोणते निवडावेत हा आवडीचा भाग झाला, पण अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक आवडीवर सोडू नये. वेब आशयाच्या सुलभतेसाठीची मार्गदर्शक तत्त्वे नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ : १ एवढा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) सांगतात. पांढऱ्यावर #७६७६७६ हा करडा रंग या कसोटीला जेमतेम उतरतो. #७७७७७७ थोडक्यात नापास होतो. याच कारणाने, कीबोर्डने फिरताना घटकाभोवती उमटणारी फोकसची रेषा ‘आउटलाइन: नन’ लिहून काढून टाकू नये, ती नको असेल, तर तिच्या जागी दुसरी स्पष्ट दिसणारी खूण द्यावी.

मांडणी

काहीही न सांगता परिच्छेद, मथळे आणि विभाग एकाखाली एक येतात आणि ओळीतले घटक शब्दांसारखे शेजारी बसतात. ही स्वाभाविक मांडणी बहुतेक लेखांना पुरते, म्हणून ती मोडण्याची घाई करू नये. घटक एका दिशेत ओळीने लावायचे असतील, तर फ्लेक्स वापरावे. उदाहरणार्थ, दुव्यांची आडवी पट्टी अशी होते:

नॅव्ह {
  डिस्प्ले: फ्लेक्स;
  फ्लेक्स-रॅप: रॅप;
  गॅप: १रेम;
}

रांगा आणि स्तंभ दोन्ही सांभाळायचे असतील, तर ग्रिड योग्य ठरते. प्रमुख ब्राउझरांत ते २०१७ मध्ये आले. त्याआधी स्तंभांसाठी ‘फ्लोट’ वापरत, आणि जुन्या पाठांत अजून ती पद्धत आढळते. फ्लोटचे आजचे काम चित्राभोवती मजकूर वाहू देणे एवढेच आहे. स्तंभ पाडण्यासाठी फ्लोट शिकवणारा पाठ सरळ बंद करावा.

फोनच्या अरुंद पडद्यासाठी हेड विभागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीनुसार मांडायला सांगणारी ओळ, असणे आवश्यक आहे. तो नसेल तर फोनवरील ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून मांडतो आणि मग सगळे बारीक करून दाखवतो. चित्रांना ‘मॅक्स-विड्थ: १००%’ आणि ‘हाइट: ऑटो’ दिले, की ती चौकटीबाहेर जात नाहीत. त्यानंतर आधी अरुंद पडद्यासाठी साधी मांडणी लिहावी आणि जागा वाढेल तिथेच भर घालावी:

@मीडिया (मिन-विड्थ: ४८रेम) {
  मेन {
    डिस्प्ले: ग्रिड;
    ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स: २एफआर १एफआर;
    गॅप: २रेम;
  }
}

‘एफआर’ म्हणजे उरलेल्या जागेचा वाटा. येथे पहिला स्तंभ दुसऱ्याच्या दुप्पट होतो. कंसातली अट, म्हणजे पडदा किमान ४८ रेम रुंद असावा ही, सिलेक्टरच्या वजनात कसलीही भर घालत नाही, त्यामुळे अशी अट मूळ नियमाच्या आधी लिहिली, तर वजन सारखे असल्याने नंतरचा मूळ नियमच जिंकतो आणि रुंद पडद्यावर काहीच बदललेले दिसत नाही. अटी असलेले नियम नेहमी मूळ नियमांच्या खाली ठेवावेत.

छपाईसाठीही याच रीतीने ‘@मीडिया प्रिंट’ लिहिता येते. त्यात नॅव्हला ‘डिस्प्ले: नन’ द्यावे, मेनची ग्रिड ‘डिस्प्ले: ब्लॉक’ लिहून मोडावी, पार्श्वभूमी पांढरी व अक्षरे काळी करावीत, मथळ्यांना ‘ब्रेक-आफ्टर: अव्हॉइड’ द्यावे म्हणजे मथळा पानाच्या तळाशी आणि त्याचा मजकूर पुढच्या पानावर असे होत नाही, आणि ब्राउझरच्या प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये परिणाम तपासावा.